चेंडू पाण्याकडे वळतो

शमीमआपा, तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमच्याशी बोलत होते. तुम्हाला जाऊन तेव्हा बराच वेळ झाला होता, हे मला नंतर कळलं. ही गोष्ट मी अजून कोणालाच सांगितलेली नाही. घरी ह्यांना नाही, तुमच्या मुलाला, रेहानला नाही. पहिल्यांदा सांगते आहे ती तुम्हालाच.

तुम्ही शाळेत किती वर्षं पीटी शिकवलंत, किती मुलींच्या हातात भाला दिलात, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. लोक छान बोलले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे दुसऱ्याच कोणा बाईबद्दल बोलताहेत. मला भेटलेल्या आपा वयाची साठी ओलांडलेल्या होत्या, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, वर टोपी घालून गोल्फ खेळायच्या, आणि खेळताना अवाक्षर बोलायच्या नाहीत.

आपली पहिली भेट आठवते का? ह्यांची कंबर धरली आणि त्यांच्या गोल्फच्या काठ्या माझ्याकडे आल्या. मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. जन्मभर रस्ते आणि नाले मोजलेली मी इंजिनिअर, मला वाटलं होतं, स्थिर चेंडू मारण्यात काय मोठंसं. धरणाकाठच्या त्या छोट्या कोर्सवर मी लांब फटक्याची काठी, तो ड्रायव्हर, फिरवत होते आणि चेंडू बेडकासारखा दोन उड्या मारून गवतात बसत होता. तुम्ही मागे बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होतात.

"बेटा, कोणावर राग आहे का?" तुम्ही विचारलंत.

"नाही. का?"

"मग एवढं मारतेस कुणाला?"

त्या दिवशी तुम्ही मला दोन्ही पाय जुळवून उभं केलंत आणि तसंच ड्राइव्ह मारायला लावलंत. जोर लावला की तोल जायचा. तोल जाऊ द्यायचा नसेल, तर जोर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "भाला हाताने जात नाही, कमरेने जातो," तुम्ही म्हणालात. "हात फक्त सोबत जातात." महिनाभर मला तुम्ही पूर्ण ताकदीने मारूच दिलं नाहीत. मारून झालं की काठी खांद्यावर तशीच धरून, चेंडू जमिनीला लागेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहायचं. मला हसू यायचं. पण चेंडू सरळ जायला लागला. माझा फटका चांगला बसला तरी तुम्ही कधी 'छान' म्हटलं नाहीत. फक्त घशातल्या घशात "हं" एवढंच. त्या "हं"साठी मी पहाटे उठून यायचे.

द्वारका चौकात पुलाखाली तुम्ही उभ्या असायचात, सिन्नरच्या जीपची वाट पाहणाऱ्या माणसांमध्ये, पाठीला ती लांब पिशवी लावून. एकदा एका बाईने तुम्हाला विचारलं होतं, "ताई, बँडवाले का तुम्ही?" तुम्ही गंभीरपणे "हो" म्हणालात आणि माझ्या गाडीत बसल्यावर पुलापासून धरणापर्यंत हसत राहिलात. तुम्हाला इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

ड्राइव्ह मला जमला. चेंडू हलकेच ढकलून जमिनीतल्या कपात पाडायचा तो पुट मात्र जमेना. कप हाताच्या अंतरावर असायचा आणि माझा चेंडू एकदा अलीकडे थांबायचा, एकदा पलीकडे पळायचा. तुम्ही मला डोळे मिटून पुट मारायला लावायचात आणि डोळे उघडण्याआधी विचारायचात, "कमी पडला की जास्त?" सुरुवातीला माझं उत्तर हमखास चुकायचं. मग हळूहळू हाताला कळायला लागलं. "आधी अंतर, मग दिशा," हे तुमचं एक. आणि दुसरं, "चेंडू मारल्यावर मान वर करायची नाही. कपात पडला की नाही ते बघायचं नसतं, ऐकायचं असतं." मी खाली गवताकडे बघत थांबायचे आणि कान लावायचे. कपातून 'टुक्' असा आवाज यायचा, किंवा नुसती शांतता. ती शांतता फार लांब वाटायची.

आता त्या सहाव्या ग्रीनकडे, कपाभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या हिरवळीकडे येते, कारण आपलं भांडण तिथेच अर्धवट राहिलं आहे.

सहाव्या होलचं ग्रीन गाड्या लावायच्या जागेजवळच आहे, म्हणून खेळाआधीचा सराव आपण तिथे करायचो. पलीकडे उतार, उताराखाली धरणाचं पाणी. ग्रीन पाण्याच्या उलट बाजूला कललेलं आहे, हे कोणालाही उभ्याउभ्या दिसतं. चेंडू तिकडेच, टेकडीकडे वळायला हवा. पण तो वळतो पाण्याकडे. हळू पुट असेल तर शेवटच्या वितीत अगदी ठरवल्यासारखा वळतो.

मी पहिल्यांदा हे बोलून दाखवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "खाली गाव आहे."

"म्हणजे?"

"माझं गाव. धरणाच्या आधीचं. मी बोट धरून चालत होते तेव्हा उठलं ते."

गावाचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. 'खालचं गाव' म्हणायचात. तुमची अम्मी त्या गावात वारली होती आणि तिथल्याच कब्रस्तानात होती. गाव उठलं, माणसं वर आली, कबरी तिथेच राहिल्या. त्यावर पाणी चढलं. हे तुम्ही चष्मा पुसत सांगितलंत आणि लगेच म्हणालात, "चल, मार."

मी इंजिनिअर आहे, आपा. मला ते सोडवेना. एका रविवारी मी लेव्हलचं यंत्र घेऊन आले, तिवईवर लावलं, आणि तुमच्या हातात मोजपट्टीचा दांडा देऊन ग्रीनभर फिरवलं. उतार टेकडीकडेच निघाला. मग मी गवताचं कारण सांगितलं. गवताची पाती ज्या बाजूला झुकतात, चेंडू तिकडे ओढला जातो, हे गोल्फमध्ये सगळ्यांना माहीत आहे. ग्रीन कापणाऱ्या पोपटरावांना मी आठवडाभर उलट्या दिशेने कापायला लावलं. आठवड्याने ते म्हणाले, "म्या उलटं कापलं मॅडम, तरी त्यो तिकडंच जातोय." मग मी वाऱ्याचं कारण काढलं. तुम्ही दांडा माझ्या हातात परत दिलात आणि म्हणालात, "चहा घे. गार होतोय."

मी विचारलं होतं, "आपा, उन्हाळ्यात पाणी उतरतं. घरांची जोती दिसतात म्हणे. आपण खाली जाऊ या का एकदा?"

"चिखलात पाय अडकतो," तुम्ही म्हणालात.

दर उन्हाळ्यात मी विचारलं. दर उन्हाळ्यात चिखल. शेवटी मी जरा चिडून म्हणाले, "तुम्हाला जायचंच नाहीये." तुम्ही ग्रीनच्या कडेला जाऊन पाण्याकडे बघत उभ्या राहिलात. मी काठ्या गाडीत भरायला गेले. तुम्ही नेहमीच थोडा वेळ मागे थांबायचात. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

थंडी जाता जाताची ती सकाळ. आदल्या रात्री मी भावाकडे सिन्नरला राहिले होते, म्हणून तुम्ही म्हणाला होतात, "रेहान मला गाडीने सोडेल, तू परस्पर ये." मी पोहोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि धरणावरून धुकं वर आलं होतं. इतकं दाट की मला माझ्याच गाडीचा पुढचा दिवा दिसत नव्हता. दुसरी गाडी उभी आहे की नाही, हेही कळेना.

मग मला आवाज आला. सहाव्या ग्रीनच्या बाजूने. टक्. थोडा वेळ काही नाही. मग टुक्. पुन्हा टक्, आणि टुक्.

तुम्ही एका लयीत पुट मारायचात, ती लय मी झोपेतही ओळखेन. मला बरं वाटलं. मी म्हणाले, "आपा, लवकर आलात." उत्तर आलं नाही. पुट मारताना तुम्ही कधीच बोलत नव्हता, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पुढे म्हणाले, "मी तोवर दोन ड्राइव्ह मारते. ह्या धुक्यात चेंडू मिळणार नाहीत, पण हात मोकळे होतील." मी आणखीही बोलले. भावाच्या घरचं, वहिनीच्या दुखण्याचं, काहीबाही. धुक्यात माणूस जास्त बोलतो. अधूनमधून टक् ऐकू येत होतं, टुक् ऐकू येत होतं. मला वाटलं, तुम्ही ऐकताय.

सातव्या होलचा पहिला फटका मारायची जागा, टी, तिथून जवळच. मी चेंडू ठेवला. समोर पांढरं, मागे पांढरं. चेंडू कुठे जाणार हे दिसणारच नव्हतं, म्हणून असेल, पण मी आयुष्यात पहिल्यांदा मान वर न करता ड्राइव्ह मारला. चेंडू काठीच्या अगदी मधोमध बसला. हाताला काहीच लागलं नाही. काठी खांद्यावर धरून मी तशीच उभी राहिले, चेंडू पडल्याचा आवाज ऐकायला.

आणि माझ्या मागून, अगदी जवळून, "हं" असा आवाज आला.

मी हसले. वळले. मागे कोणी नव्हतं.

"आपा?" मी म्हणाले. आता टक् पण येत नव्हतं. पाणी धरणात कुठे तरी काठावर आपटत होतं, तेवढंच.

मी ग्रीनपाशी गेले. धुकं तिथे जरा विरळ होतं. ग्रीनवर दव पडलं होतं, एकसारखं, दुधाच्या सायीसारखं. त्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता. दवात कोणी चाललं की हिरवे पट्टे उमटतात, आपण रोज उमटवायचो. एकही पट्टा नव्हता. फक्त मधोमध कुठून तरी सुरू झालेली चेंडूची एक बारीक रेघ होती. ती कपाकडे सरळ निघाली होती, शेवटी पाण्याच्या बाजूला वळली होती, कपाच्या कडेने पुढे गेली होती आणि ग्रीनच्या टोकाला संपली होती. टोकाला चेंडू नव्हता.

मला पाऊल पुढे टाकवेना. किती वेळ मी तिथे उभी होते, सांगता येणार नाही. मग फोन वाजला. रेहान होता.

तुमच्या घरी पोहोचले तेव्हा बायकांनी दिवाणखाना भरला होता. तुमच्या सुनेने, नाझियाने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. ती रडत नव्हती. तिला कोणाला तरी सांगायचं होतं. ती म्हणाली, "आंटी, अम्मी फजरच्या नमाजाआधी उठल्या होत्या. मला पलंगावर आवाज येत होता. त्या रोजच्यासारखं हॉलमध्ये सतरंजीवर खेळत होत्या. तो स्टीलचा पेला आडवा ठेवतात ना, त्यात बॉल गेला की टण् वाजतं. टक्, मग टण्. मी त्याच आवाजावर परत झोपते रोज. मग एकदा टक् आलं आणि टण् आलंच नाही. मी वाट बघत राहिले. आंटी, मी लगेच उठायला हवं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "पुट हुकतो कधी कधी. कोणीही वाटच पाहिली असती."

"त्या सोफ्याला टेकून बसल्या होत्या. काठी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं." तिने आवाज खाली आणला. "बॉल काही मिळाला नाही. रेहान म्हणतो, असेल कुठे तरी, आत्ता ते काय घेऊन बसलीस. पण मी सोफा सरकवला, सगळं झाडलं. हॉलचं दार बंद होतं, आंटी. बॉल नाहीये."

मी तिला ग्रीनवरच्या रेघेबद्दल सांगणार होते. तोंडाशी आलं होतं. पण बाहेर तुम्हाला न्यायची वेळ झाली आणि राहून गेलं.

आपा, मी कारणं शोधली नाहीत असं समजू नका. धुक्यात आवाज लांबून येतो. टिटवी असेल. पाण्याच्या पाइपातून थेंब पडत असेल. दवात रेघ कुठलाही किडा ओढतो. "हं" तर माझ्याच घशातून आला असेल. ही सगळी कारणं मी दिवसा मान्य करते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, चहा घे, गार होतोय.

मी खेळणं बंद केलं. काठ्या माळ्यावर टाकल्या. ह्यांनी दोनदा विचारलं आणि सोडून दिलं.

चाळिसाव्या दिवसानंतर नाझियाचा फोन आला. "आंटी, अम्मी कुठे जायच्या ते मला बघायचंय." मी तिला द्वारकेच्या पुलाखालून घेतलं. तुमची पिशवी तिने पाठीला लावली होती. मी तिला म्हणाले, पिशवी कशाला? ती म्हणाली, माहीत नाही, आणली.

ऊन चढलं होतं. पाणी खूप उतरलं होतं. ग्रीनच्या कडेवरून खाली करड्या मातीचा मोठा पट्टा दिसत होता आणि त्यावर दगडी जोती, घरांचे चौकोन, एक वठलेलं खोड. नाझिया बघत राहिली. मग काही न विचारता उतरायला लागली. मी मागे गेले. चिखल नव्हता, आपा. माती सुकून तडकली होती. पाय कुठेही अडकला नाही.

घरांच्या पलीकडे, जरा उंचवट्यावर, दगडांच्या ओळी होत्या. काही दगड पडलेले, काही मातीत गळ्यापर्यंत. कोणती कबर कोणाची, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. आणि त्या दगडांच्या मधे, सगळीकडे, गोल्फचे चेंडू होते. मातीत अर्धे रुतलेले, शेवाळाने काळे-हिरवे झालेले. वर्षानुवर्षं लोकांचे हुकलेले फटके पाण्यात जात आले आहेत, त्यामुळे खाली चेंडू असणारच. पण मी एक उचलून अंगठ्याने पुसला, आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. आपला चेंडू ओळखायला तुम्ही करायचात ती खूण.

तुमचा चेंडू मी कधी पाण्यात गेलेला पाहिला नाही. तुमचा फटका कधी तिरका जात नव्हता.

मी दुसरा पुसला. त्यावरही ठिपका. नाझियाने पुसला, त्यावरही. सगळ्यांवर नव्हता, पण त्या ओळींच्या जवळच्या कितीतरी चेंडूंवर होता. मी काठ्या गाडीत भरायला जायचे आणि तुम्ही मागे थांबायचात, ते मला तिथे उन्हात उभं राहून आठवलं. एकेक चेंडू तुम्ही पाण्यात सोडत होतात. आणि मी म्हणाले होते, तुम्हाला जायचंच नाहीये.

उताराने चेंडू घरंगळून खोलगट जागी जमतात, हे मला माहीत आहे. पण कब्रस्तान उंचवट्यावर होतं. तेही मी तुम्हाला सांगून टाकते.

नाझियाने ओढणी डोक्यावर घेतली, हात पुढे धरले आणि फातिहाची प्रार्थना म्हटली. मी शेजारी हात जोडून उभी राहिले. मला काही म्हणता येत नव्हतं. आम्ही चेंडू होते तिथेच ठेवले.

वर आल्यावर ती ग्रीनवर थांबली. तिने पिशवीतून तुमची पुटची काठी काढली. "मला दाखवाल?"

ती काठी तलवारीसारखी आवळून धरत होती. बोटं पांढरी पडली होती. मी तिच्या मागे उभी राहिले, तिची बोटं एकेक सैल केली. आणि बोलले. काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं. शब्द आपोआप आले.

"धर, बेटा. पण आपण धरलंय, हे तिला कळू देऊ नकोस."

नाझियाचे हात एकदम थांबले. ती वळली. ऊन होतं, तरी तिच्या दंडावर काटा आलेला मला दिसला.

"हे तुम्हाला अम्मींनी सांगितलं?"

"का?"

"माझी आयशा झाली ना, तेव्हा दवाखान्यात पहिल्यांदा माझ्या हातात दिली. मला तिची मान धरता येईना, मी घाबरले होते. अम्मी मागून आल्या आणि हेच म्हणाल्या. ह्याच शब्दांत. खोलीत फक्त आम्ही दोघी होतो. मी कोणाला सांगितलं नाही कधी, रेहानलाही नाही."

आपा, तुम्ही मला हे कधीही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत नाही, पुटच्या बाबतीत नाही, कशाच्याच बाबतीत नाही. मला मूल नाही. आणि मी कोणाला 'बेटा' म्हणत नाही.

नाझिया माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घशाला हात लावला.

"हो," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलं."

ती पुन्हा चेंडूकडे वळली, हात सैल केले आणि मान खाली घातली. मी तिच्या मागे तोंड बंद ठेवून उभी राहिले, तुम्हाला अजून काही बोलायचं असेल म्हणून.